लकवा : पहिल्या महिन्यानंतर

गडचिरोली जिल्ह्यातल्या ८६ गावांमध्ये एप्रिल २०११ ते मार्च २०१३ या दोन वर्षांत १,५९९ माणसं मरण पावली. प्रत्येक मृत्यूमागचं कारण शोधलं गेलं, तेव्हा सगळ्यांत वर जे नाव आलं त्याची अपेक्षा फार कोणी केली नव्हती. या जिल्ह्याचं नाव काढलं की मलेरिया आठवतो, कुपोषण आठवतं, साप आठवतो, नक्षलवाद आठवतो. पण त्या यादीत पहिला होता लकवा. २२९ माणसं, म्हणजे दर सात मृत्यूंमागे एक.

पक्षाघात हा शहरी, बैठ्या, खात्यापित्या माणसांचा आजार, ही समजूत या एका आकड्यानं मोडली. इथली माणसं बैठी नाहीत. रोवणीच्या दिवसांत ती दिवसभर चिखलात वाकलेली असतात, मार्च-एप्रिलमध्ये पहाटे मोहफुलं वेचतात, मे महिन्याच्या उन्हात तेंदूपत्ता तोडतात. तरीही त्यांच्या मेंदूतल्या रक्तवाहिन्या तुंबत होत्या, फुटत होत्या. मृतांचं सरासरी वय ६७ होतं आणि त्यांत जवळजवळ निम्म्या बायका होत्या.

ही मोजणी करणाऱ्या ‘सर्च’ संस्थेचा या गावांशी जुना संबंध आहे. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी १९८६ साली गडचिरोलीत काम सुरू केलं. ही गावं त्यांनी निवडली होती ती नवजात बाळांसाठी. ३९ गावांत घरोघर जाऊन बाळांची काळजी घ्यायची, ४७ गावांत नेहमीचीच व्यवस्था ठेवायची आणि फरक पाहायचा, असा तो प्रयोग होता. १९९९ साली ‘लॅन्सेट’मध्ये त्याचे निष्कर्ष छापून आले आणि गावातल्याच थोड्या शिकलेल्या बाया प्रशिक्षण घेऊन बाळं वाचवू शकतात हे जगानं मान्य केलं. त्या अभ्यासापायी गावात कोण जन्मलं आणि कोण गेलं, याची काटेकोर नोंद ठेवायची शिस्त या ८६ गावांत रुजली. अमेरिकेत मेंदूविकारशास्त्राचं प्रशिक्षण घेऊन परतलेले डॉ. योगेश्वर कळकोंडे ‘सर्च’मध्ये आले आणि त्यांनी याच नोंदीला दुसऱ्या टोकानं हात घातला. बाळं वाचवायला लावलेली यंत्रणा आता म्हाताऱ्या माणसांचे मृत्यू वाचू लागली. दाखला नाही, शवविच्छेदन नाही. मग घरच्यांना विचारायचं. कसं झालं, कधी झालं, तोंड वाकडं झालं होतं का, कोणता हात गेला, बोलता येत होतं का. त्या उत्तरांवरून डॉक्टरांनी कारण ठरवायचं. हा अभ्यास २०१५ साली ‘स्ट्रोक’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला.

त्यातले आणखी दोन आकडे फारसे कुणी उद्‌धृत करत नाहीत, पण ह्या लेखाचं कारण तेच आहेत. एक, लकव्यानं गेलेल्यांपैकी ८७ टक्के लोक घरी मेले. दोन, पहिल्या महिन्याच्या आत गेले ते ४६ टक्के. म्हणजे निम्म्याहून अधिक माणसं झटक्यातून वाचली होती. त्यांनी पहिला महिना काढला होता. ती नंतर गेली, आपापल्या घरात, खाटेवर किंवा चटईवर. लकव्याचा झटका सगळ्यांना दिसतो. त्यानंतरचे महिने मात्र कुठल्याच दवाखान्याच्या नोंदवहीत येत नाहीत, आणि माणूस उभा राहणार की झिजणार हे त्याच महिन्यांत ठरतं.

साडेचार तास

मेंदूचा झटका दोन प्रकारचा. बहुतेकांच्या बाबतीत रक्ताची गुठळी अडकून मेंदूच्या एका भागाचा पुरवठा तुटतो. उरलेल्यांच्या बाबतीत रक्तवाहिनी फुटून मेंदूत रक्त साचतं. बाहेरून दोन्ही सारखेच दिसतात. तोंड एका बाजूला ओढलं जातं, हात लुळा पडतो, जीभ जड होते. गुठळी असेल तर ती विरघळवणारं इंजेक्शन आहे, पण ते लक्षणं सुरू झाल्यापासून साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं, आणि त्याआधी सीटी स्कॅन करून रक्तस्राव नाही याची खात्री करावी लागते. रक्तस्राव असताना तेच इंजेक्शन दिलं तर जीव जाईल. म्हणूनच ‘रक्त पातळ करणारी गोळी तरी देऊन टाकू’ हा घरगुती शहाणपणाही स्कॅनच्या आधी धोक्याचाच.

आता हे साडेचार तास जंगलाच्या नकाशावर मांडून पाहावेत. भामरागडहून गडचिरोली पावणेदोनशे किलोमीटरच्या आसपास, सिरोंचाहून त्याहूनही लांब. गडचिरोलीहून नागपूर पुन्हा तितकंच. पावसाळ्यात पर्लकोटा नदीच्या पुराचं पाणी पुलावर चढलं की भामरागडचा संपर्क तुटतो, आणि हे दरवर्षीचं आहे. राज्यात २०१४ पासून १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका धावते, पण ती बोलवायला फोनला रेंज लागते आणि यायला रस्ता लागतो. त्यातून झटका अनेकदा झोपेत येतो. सकाळी माणूस उठत नाही, तेव्हा घड्याळ नेमकं कधीपासून धरायचं? डॉक्टर ते धरतात माणूस शेवटचा धडधाकट दिसला त्या वेळेपासून, म्हणजे आदल्या रात्रीपासून. साडेचार तास तिथंच संपलेले असतात.

शेजारच्या चंद्रपूरला २०१५ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. चंद्रपूर, बल्लारपूर, वरोरा या पट्ट्यातल्या माणसाला वेळेत पोचण्याची आशा धरता येते, आणि त्यानं ती धरलीच पाहिजे. लकव्याची शंका आली की गावातल्या दवाखान्यात सलाइन लावून संध्याकाळपर्यंत वाट पाहणं म्हणजे मेंदूच्या लाखो पेशी मिनिटागणिक गमावणं. पण एटापल्ली, कोरची, भामरागडच्या बहुतेक रुग्णांना पुढची काही वर्षं तरी ते इंजेक्शन मिळणार नाही, हे कबूल करून पुढचा विचार करायला हवा. त्यांची लढाई झटक्याच्या आधीच्या वर्षांत आहे आणि नंतरच्या महिन्यांत आहे. या दोन्ही गोष्टी गावातच घडतात.

पुजाऱ्याचं यश

झटका आल्यावर बरीच कुटुंबं आधी पुजाऱ्याकडे किंवा जडीबुटीवाल्याकडे जातात. कबुतराच्या रक्तानं चोळलं की लकवा उतरतो, हा समज महाराष्ट्रात अनेक ठिकाणी आहे. राजस्थानात नागौर जिल्ह्यातल्या बुटाटी इथल्या मंदिरात देशभरातून लकव्याचे रुग्ण फेऱ्या घालायला येतात. यांना अडाणी म्हणून मोकळं होणं सोपं आहे. पण हे उपाय टिकून का राहिले, याला साधी कारणं आहेत.

गावात ‘तोंडाचा लकवा’ म्हणून ओळखला जाणारा एक वेगळा आजार आहे. त्यात मेंदूला काही होत नाही, चेहऱ्याची नस तेवढी सुजते, आणि बहुतेकांचा चेहरा काही आठवड्यांत आपोआप सरळ होतो. ज्याच्याकडे गेलो त्याला श्रेय मिळतं. दुसरं म्हणजे खऱ्या लकव्यातही पहिल्या काही आठवड्यांत मेंदूची सूज ओसरते आणि थोडी हालचाल आपसूक परत येते. तेव्हा जो लेप चालू असेल तो गुणकारी ठरतो. तिसरं कारण सगळ्यांत घातक. कधी कधी हात लुळा पडतो, बोलणं अडखळतं आणि तासाभरात सगळं पूर्ववत होतं. गुठळी आली आणि सरकली. मोठा झटका येऊ घातल्याची ती सूचना असते आणि त्याच दिवशी डॉक्टरकडे गेलं पाहिजे. पण घरच्यांच्या दृष्टीनं अंगारा लावला आणि माणूस बरा झाला. सूचना वाया जाते, विश्वास मात्र पक्का होतो.

म्हणून पुजाऱ्याशी भांडण्यात हशील नाही. त्याच्याकडे आलेला रुग्ण त्यानं त्याच दिवशी दवाखान्याकडे धाडावा, एवढं त्याच्याशी बोलून ठरवलं तरी पुष्कळ झालं.

घरी आणल्यावर

मोठ्या दवाखान्यातून आठ-दहा दिवसांत सुटी होते. हातात औषधांची चिठ्ठी असते आणि ‘मालिश करा, व्यायाम करा’ हे मोघम वाक्य असतं. इथून पुढे माणूस कशानं मरतो, हे वैद्यकाला चांगलं ठाऊक आहे. लकव्यात घशाचे स्नायूही दुबळे होतात. मायेनं पाजलेलं पाणी अन्ननलिकेऐवजी श्वासनलिकेत उतरतं, फुप्फुसात जंतुसंसर्ग होतो, ताप येतो. म्हणून आडवं ठेवून काही पाजायचं नाही. नीट बसवायचं, आधी चमचाभर पाणी देऊन पाहायचं, ठसका लागला किंवा आवाज घोगरा झाला तर थांबायचं. पातळ पाण्यापेक्षा घट्टसर आंबील किंवा मऊ भात गिळायला सोपा जातो.

दुसरा शत्रू एका कुशीवर पडून राहणं. माकडहाडावर, टाचेवर, नितंबावर दाब येऊन कातडी मरते आणि त्या जखमेतून विष शरीरभर जातं. दर दोन तासांनी कूस बदलणं, अंथरूण कोरडं ठेवणं, याला औषध लागत नाही, माणूस लागतो. तिसरी चूक अतिशय प्रेमानं होते. उठवताना लुळा हात धरून ओढतात. खांद्याचे स्नायू सैल पडलेले असतात, सांधा निखळतो आणि मग त्या वेदनेनं माणूस व्यायामाला हातच लावू देत नाही. उठवायचं ते पाठीमागून, कंबरेला धरून.

मालिशीचंही तसंच. तेल लावल्यानं बरं वाटतं, कातडी जपली जाते, पण हालचाल परत येत नाही. मेंदूचा मेलेला भाग जिवंत होत नाही. शेजारचे भाग त्याचं काम शिकून घेतात. ते शिकतात माणसानं स्वतः प्रयत्न केला तर, आणि तोच प्रयत्न शेकडो वेळा केला तर. दुसऱ्यानं हलवलेल्या हातातून मेंदू फार थोडं शिकतो. सगळ्यांत वेगानं सुधारणा पहिल्या तीन महिन्यांत होते, सहा महिन्यांपर्यंत चांगली चालते, नंतर मंदावते, पण थांबत नाही. पाय आधी येतो, हात मागाहून, आणि बोटांची बारीक कामं सगळ्यांत शेवटी. काहींची येतच नाहीत. हे घरच्यांना कुणी आधी सांगितलं तर तिसऱ्या महिन्यात ‘हात काही येत नाही’ म्हणून सगळाच व्यायाम सोडून देण्याची पाळी येत नाही.

जमिनीवरचं जगणं

शहरातला फिजिओथेरपिस्ट रुग्णाला पलंगावरून खुर्चीत बसायला शिकवतो. कमोडवर बसायला शिकवतो, जिना चढायला शिकवतो. धानोरा किंवा कुरखेडा तालुक्यातल्या खेड्यात जगणं जमिनीवर चालतं. झोप चटईवर, जेवण मांडी घालून, चूल जमिनीलगत, शौचाला उकिडवं बसायचं. तिथं बरं होणं म्हणजे जमिनीवरून आपलं आपण उठता येणं. ही हालचाल खुर्चीवरून उठण्यापेक्षा कितीतरी अवघड आहे आणि ती शिकवल्याशिवाय पाठवलेला रुग्ण घरी येऊन पुन्हा परावलंबी होतो. घराचा उंबरठा आहे, ओटा आहे, जूनपासून निसरडं झालेलं अंगण आहे. धानाच्या बांधीत जायचं तर हातभर रुंदीच्या धुऱ्यावरून तोल सांभाळत चालावं लागतं.

कामाची यादी केली की पुनर्वसनाची यादी आपोआप तयार होते. रोवणीला कंबरेतून वाकून मागे मागे सरकावं लागतं. ते लकव्यानंतर बहुधा जमत नाही. मोहफुलं वेचणं बसून, एका हातानं होतं; ते लवकर जमतं. तेंदूच्या सत्तर पानांचं पुडकं बांधायला दोन्ही हात हवेत, पण एक माणूस पानं मोजून लावून देऊ शकतो आणि दुसरा बांधू शकतो. राखण करणं, कोंबड्या पाहणं, धान वाळत घालून पायानं पसरणं ही कामं रिकामपणावरची मलमपट्टी नाहीत. मेंदूला हवी असलेली पुनरावृत्ती त्यांतच आहे. आणि या जिल्ह्यात बांबूची वाण नाही. कंबरेच्या उंचीवर दोन समांतर बांबू अंगणात रोवून बांधले की चालण्याचा सराव करायची सोय होते. शौचासाठी मधोमध भोक पाडलेली खुर्ची किंवा पकडायला एक घट्ट रोवलेला खांब, एवढ्यानं माणसाची लाज वाचते. लाज वाचली की तो पाणी पिणं कमी करत नाही, आणि मग बाकीचे त्रासही टळतात.

गेलेले शब्द

लकवा उजव्या अंगावर आला तर अनेकदा भाषाही जाते. माणसाला सगळं कळतं, तोंडावर शब्द येत नाही. किंवा शब्द येतात पण भलतेच. घरचे समजतात, डोकं फिरलं. पॉल ब्रोका या फ्रेंच शल्यवैद्यानं १८६१ पासूनच्या काही वर्षांत दाखवून दिलं की बोलण्याची ही शक्ती मेंदूच्या डाव्या बाजूच्या एका ठरावीक भागाशी बांधलेली आहे. त्याचा रुग्ण ‘टॅन’ एवढा एकच उच्चार करू शकत असे, आणि समोरच्याचं बोलणं त्याला समजत असे.

गडचिरोलीत हा प्रश्न जास्त गुंतागुंतीचा होतो, कारण इथं घरात माडिया, गोंडी, झाडीबोली, छत्तीसगढी, सिरोंचाकडे तेलुगू, मुलचेऱ्याकडे बंगाली, आणि दवाखान्यात मराठी. म्हातारीला मराठीत विचारलं ‘हात वर करा’ आणि तिनं केला नाही, तर तिला समजलं नाही की तिला मराठी येत नाही? वाचा परत आणण्याचा सराव घरच्या भाषेतच व्हायला हवा आणि घरच्या वस्तूंवरच. टोपली, मोह, कोंबडा, नातवाचं नाव. लहान वाक्यात बोलायचं, उत्तराला वेळ द्यायचा, तिच्यासाठी वाक्य आपण पूर्ण करायचं नाही. अनेकांना बोलता येत नसतं, तेव्हाही एखादं गाणं म्हणता येतं. ही वेडाची खूण नाही, तो उपचाराचा धागा आहे.

लकव्यातून वाचलेल्यांपैकी साधारण तिघांत एकाला नैराश्य येतं. ते बहुतेक वेळा ओळखलंच जात नाही, कारण गप्प बसलेला आजारी माणूस समंजस वाटतो. अभय बंगांना १९९५ साली हृदयविकाराचा झटका आला आणि त्यातून सावरण्याबद्दल त्यांनी लिहिलेलं ‘माझा साक्षात्कारी हृदयरोग’ मराठी घराघरांत पोचलं. हृदयरोगानंतर मन कसं बदलतं हे मराठी वाचकाला त्यामुळे माहीत झालं. लकव्यातून उठलेल्या शेतमजुराचं किंवा मोहफुलं वेचणाऱ्या बाईचं असं कथन आपल्याकडे नाही. ज्यांचे शब्दच गेले त्यांच्याकडून ते येणार तरी कसं?

घरच्यांनी किती करायचं?

याच ८६ पैकी ३९ गावांत, ४५,०५३ लोकवस्तीत, घरोघर जाऊन वाचलेल्यांची गणती झाली तेव्हा लकवा होऊन गेलेले १७५ जण सापडले. म्हणजे हजार वस्तीच्या गावात सरासरी चार घरं. त्या चार घरांत कूस बदलणारी, भरवणारी, शौचाला नेणारी व्यक्ती बहुधा सून असते किंवा बायको. ती रोवणीला जाऊ शकत नाही; म्हणजे एका झटक्यात दोन मजुऱ्या बुडतात. आणि लकवा बाईलाच झाला तर? मृतांत बायका निम्म्या होत्या हे पुन्हा आठवावं.

मग घरच्यांनाच शिकवावं, हा उपाय सुचणं साहजिक आहे. भारतात तो मोठ्या प्रमाणावर तपासूनही झाला. ‘अटेंड’ नावाच्या चाचणीत देशभरातल्या १४ रुग्णालयांत १,२५० रुग्ण घेतले. निम्म्यांच्या नातेवाइकांना व्यायाम आणि शुश्रूषेचं पद्धतशीर प्रशिक्षण दिलं, निम्म्यांना नेहमीची सेवा. २०१७ साली निष्कर्ष आले. सहा महिन्यांनंतर मृत्यू पावलेले किंवा परावलंबी राहिलेले दोन्ही गटांत सारखेच होते, ४७ टक्के. म्हणजे कुटुंबाला दोन गोष्टी शिकवून जबाबदारी त्याच्या पदरात टाकली की काम झालं, असं होत नाही. याचा अर्थ घरची शुश्रूषा वाया जाते असा नाही. जखम टाळणं, ठसका टाळणं घरच्यांच्याच हातात आहे. पण आधीच थकलेल्या माणसावर, बिनपगारी, आणखी एक नोकरी लादून पुनर्वसन होत नाही. त्या संशोधकांनीच पुढची दिशा सुचवली ती अशी, की हे काम प्रशिक्षित आरोग्य सहायकांनी किंवा गावपातळीवरच्या चमूनं करून पाहावं.

गडचिरोलीला ही कल्पना नवी नाही. बाळांसाठी ती इथंच सिद्ध झाली. लकवा टाळण्यासाठीही ‘सर्च’नं ६४ गावांत असाच प्रयोग हाती घेतला, पन्नाशीच्या पुढच्या माणसांचा रक्तदाब आणि साखर गावातल्याच कार्यकर्त्यांनी तपासायची, फिरत्या दवाखान्यातून औषधं पोचवायची. उरलेला अर्धा भाग, म्हणजे वाचलेल्यांना उभं करणं, त्याच हातांना शिकवता येईल. दर आठवड्याला घरी येणारी, जखम पाहणारी, व्यायाम एक पायरी पुढे नेणारी, गोळी चालू आहे का विचारणारी गावातली बाई, आणि महिन्यातून एकदा तिच्या मागे उभा राहणारा फिजिओथेरपिस्ट.

झटक्याच्या आधी

लकव्याचं सगळ्यांत मोठं कारण वाढलेला रक्तदाब. तो दुखत नाही, ताप आणत नाही, कामाला अडवत नाही. धडधाकट माणसानं रोज गोळी का घ्यावी हे पटवणं म्हणूनच कठीण. लकवा झालेल्यालाही गोळी ही ‘लकव्याची’ वाटते. हात थोडा आला की ती बंद होते, आणि दुसरा झटका पहिल्यापेक्षा जबर असू शकतो. ही गोळी आयुष्यभराची आहे, एवढं एक वाक्य रुग्णाच्या घरी दहादा सांगावं लागतं.

दुसरं कारण खिशात असतं. सुपारी, तंबाखू, चुना प्लॅस्टिकच्या कागदात घोटून केलेला खर्रा गडचिरोली आणि चंद्रपूर या दोन्ही जिल्ह्यांत पाहुणचारासारखा पुढे केला जातो. १९९३ पासून गडचिरोलीत दारूबंदी आहे. चंद्रपुरात ती २०१५ साली आली आणि २०२१ साली उठली. तंबाखू आणि दारू या दोन्हींविरुद्ध ‘मुक्तिपथ’ या मोहिमेचं काम गडचिरोलीत चालू आहे. ते काम व्यसनमुक्तीचं म्हणून ओळखलं जातं. लकवा रोखण्याचं कामही तेच आहे.

आणि एक कारण वयाशी बांधलेलं नाही. पूर्व विदर्भात सिकलसेल या रक्तविकाराचं प्रमाण मोठं आहे. त्यातल्या तीव्र आजारात वाकड्या झालेल्या तांबड्या पेशी मेंदूच्या वाहिन्या अडवू शकतात. शाळेतल्या पोराचा हात अचानक लुळा पडला तर ‘पोरांना कुठं लकवा होतो’ म्हणून थांबायचं नाही.

करता येण्यासारखं

दिवाळी झाली की पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टीत मंडई भरू लागते. लेकी-जावई येतात, रात्री नाटकं रंगतात, एरवी दवाखान्याचं तोंड न पाहणारी माणसं एका जागी सापडतात. एक टेबल, रक्तदाब मोजायचं यंत्र आणि आशाताई, एवढं तिथं बसवायला फार खर्च नाही. तेंदू आणि बांबूचं उत्पन्न ज्या ग्रामसभांच्या हाती येतं, त्यांना गावात चाकांची एक खुर्ची आणि दोन कुबड्या सामायिक ठेवणं परवडेल. दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र लकव्याच्या रुग्णालाही मिळू शकतं. ते काढायला जिल्ह्याला न्यायचं वाहन मिळत नाही म्हणून ते राहून जातं. शासनानं ती तपासणी तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयात ठरावीक वारी ठेवावी. आणि प्रत्येक तालुक्यात निदान एक फिजिओथेरपिस्ट असा नेमावा, ज्याचं काम खोलीत बसून वाट पाहण्याचं नसून गावांत फिरण्याचं असेल.

मृत्यू मोजले, म्हणून लकवा दिसला. वाचलेले मोजले, म्हणून हजार वस्तीत चार घरं दिसली. आता तिसरी मोजणी हवी. झटक्यानंतर सहा महिन्यांनी किती जण जमिनीवरून आपलं आपण उठतात, किती जणांची गोळी चालू आहे, किती जणी पुन्हा मोह वेचायला गेल्या. आरोग्य खात्याच्या मासिक अहवालात या तीन रकान्यांना जागा मिळाली, तर ते भरण्यासाठी कुणाला तरी त्या घरी जावं लागेल. उपचाराची सुरुवात तेवढ्यानंही होते.